पेरूच्या बागेतला कर्णा

२ डिसेंबर

कर्ण्यातला आवाज धरला त्या दिवशी म्हशीनं लाथ मारून अर्धी धार सांडली होती, हे मला पक्कं आठवतं. मी गोठ्यातलं शेण काढलं, पाणी मारलं, उरल्या दुधाचा चहा केला आणि भाकरीचं पीठ मळायला बसले. तेवढ्यात बागेकडून ह्यांचा सॅक्सोफोन सुरू झाला. लग्नाच्या वरातीत ते वाजवायचे तेव्हा गाणं ओळखू यायचं, माणसं नाचायची. बागेत मात्र ते मुद्दाम वेडंवाकडं वाजवत. मध्येच किंचाळी, मध्येच घसा खरवडल्यासारखं, मध्येच रेडकू हंबरल्यासारखं. कारण बागेत वऱ्हाड नव्हतं, राघू होते. पेरू पिकायला लागला की थवे उतरतात आणि प्रत्येक फळाला एकेक चोच मारून पुढं जातात. ते म्हणत, "राघूला चाल कळली की तिसऱ्या दिवशी तो फांदीवर बसून ऐकतो." म्हणून ते एकदा वाजवलेलं पुन्हा वाजवत नसत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना सलग लग्नं होती. राखणीला कोण, म्हणून आमच्या लेकीनं, अनितानं त्या सकाळचा आवाज त्यांच्या मोबाइलवर धरला, एका कार्डात भरला आणि बागेत खांबावर कर्णा टांगून त्याला जोडून दिला. त्या आवाजात शेवटी मी हाक मारते, "अवो, भाकरी गार व्हतीया." ते एक आखूड सूर काढतात, म्हणजे 'आलो', आणि थांबतात. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

त्यांना जाऊन आता दोन दिवाळ्या झाल्या. सॅक्सोफोन बँडवाल्यांचा होता, तो मालक येऊन घेऊन गेला. त्यांचा मोबाइलही बिघडला. कर्णा राहिला. रोज सकाळी मी बटण दाबते. उन्हाळ्यात झाडावर फळ नसलं तरी दाबते, राघूंना धाक राहावा म्हणून.

हे सगळं लिहायचं कारण, आज सकाळी बांधाजवळच्या रस्त्यावर एक मोटारसायकल उभी होती. पोरगा आणि पोरगी. पोरानं मोबाइल बागेच्या दिशेनं धरला होता. मी हाक मारली तर निघून गेले.

ठिबकवाल्या दुकानदारानं दिवाळीला दिलेली ही डायरी पुढच्या वर्षाची आहे. पानावर छापलेले वार जुळत नाहीत, म्हणून वार लिहीत नाही.

३ डिसेंबर

आज पुन्हा आले. बराच वेळ थांबले. मागच्या महिन्यात निरवांगीच्या दोन विहिरींवरची मोटारीची केबल चोरीला गेली. चोर आधी असंच पाहून जातात. मी काठी घेऊन निघाले, पण मधे ठिबकच्या नळीत पाय अडकून वेळ गेला.

भावजींना सांगावं म्हणून गेले. सावळाराम भावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. त्यांची बाग आमच्या बांधाला लागून. पूर्वी सकाळी सात वाजल्यापासून बांधावर असायचे, हल्ली संध्याकाळीच येतात. सकाळी कुठं असतात कोण जाणे. मला वाटतं बांधाचा काही हिशोब चालला असेल त्यांच्या मनात. कोणी बघत नसताना कुदळीनं दरवर्षी वीतभर बांध कोरणारी माणसं मी पाहिली आहेत. मोटारसायकलीचं सांगितलं तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "वहिनी, तुमच्या बागंत चोरण्यासारखं हाय काय?"

असं बोलायला काय कारण होतं?

५ डिसेंबर

धरलंच शेवटी. गाडीची किल्लीच काढून घेतली मी.

पोराचं नाव मल्हार, कळंबचा. बारामतीत एका वर्कशॉपला कामाला आहे. पोरगी राजलक्ष्मी, सोमेश्वरनगरची, वडील शिक्षक. कॉलेज संपलं, आता पुढं काय ते ठरलेलं नाही. ही दोघं आणि आणखी एक ड्रमवाला असा त्यांचा बँड आहे. बँड म्हटल्यावर मी विचारलं लग्नाचा का. मल्हार हसला. त्याचं हसू मला आवडलं नाही.

त्यानं समजावलं. त्यांच्या गाण्याला पंक म्हणतात, त्यातला हार्डकोर म्हणजे जास्त जोराचा. गाणं दीड मिनिटाचं, सगळं रागानं, गळा फाटेपर्यंत. त्यात राजलक्ष्मी सॅक्सोफोन वाजवते, पण चालीशिवाय. त्याला फ्री जॅझ म्हणतात. हे दोन्ही मिसळून त्यांना एक अल्बम करायचा आहे. रस्त्यानं जाताना कर्णा ऐकला आणि गाडी थांबवली. राजलक्ष्मी म्हणाली, "काकू, मी दोन वर्षं हेच शोधतेय. हे कोण वाजवतंय?"

मी म्हटलं, वाजवत होते.

त्यांना कार्डाची कॉपी हवी होती. मी नाही म्हटलं. मागच्या वर्षी एकानं असंच गोड बोलून व्हिडिओ काढला. कर्ण्यावर राघू बसलाय आणि खालून आवाज चाललाय. त्यावर हसण्याचा आवाज लावून रील केलं. निरवांगीच्या दुकानात पोरं ते बघून मला दाखवत होती. माझा माणूस लोकांना हसवायला वाजवत नव्हता.

मल्हार म्हणाला, "काकी, आमी चेष्टा करत न्हाय. शप्पथ."

शपथ घेणाऱ्याला मी दारातच उभं करते. किल्ली परत दिली. त्यानं नंबर लिहून ठेवला, तो मी चूल पेटवायला वापरणार होते, पण पान डायरीचंच निघालं.

८ डिसेंबर

अनिताचा फोन. तिनं आपणहून कर्ण्याचा विषय काढला. म्हणाली, आई, कार्ड उन्हात तापतं, एखाद्या दिवशी बंद पडेल, एक कॉपी कुणाकडं असली तर बरं. बारामतीत बसून हिला आजच कसं सुचलं? मी विचारलं, मल्हार तुला भेटला का. तिनं आधी म्हशीची चौकशी केली. मग म्हणाली, ऑफिसातल्या एका पोराचा मित्र आहे, चांगला आहे. म्हणजे सगळे मिळून आहेत.

ती पुढं म्हणाली, राघू आता त्या आवाजाला भीत नाहीत, तू फळांना फोमची जाळी आणि पिशव्या घाल, सगळे घालतात. मी म्हटलं, कोण म्हणतं भीत नाहीत.

आज सकाळी कर्ण्यावर चार राघू बसले होते. एक तर आत वाकून बघत होता. नवे असतील, बाहेरचे. त्यांना अजून ठाऊक नसेल.

९ डिसेंबर

शेवटच्या चार ओळींना पाणी दिलं. वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडलं, एकच पान तीनदा वाचलं. मी शाळेत तिसरीपर्यंत. पुढचं सगळं वाचन क्रेटमध्ये अंथरायच्या रद्दी वर्तमानपत्रांवर झालं, अर्ध्या अर्ध्या बातम्यांवर. त्यामुळं पूर्ण पान मिळालं की मला विसावा वाटतो. आज तोही नाही.

१२ डिसेंबर

कर्णा बोलत नाही.

सकाळी बटण दाबलं. काही नाही. वायर बघितली, नीट होती. खांबाजवळ पेटी उघडली. कार्डाची जागा रिकामी.

बाग इतकी शांत कधी ऐकली नव्हती. राघूही नव्हते, म्हणजे होते, पण मुकाट्यानं खात होते. भाकरी टाकली नाही.

किल्ली परत द्यायला नको होती.

१३ डिसेंबर

कळंबवरून एसटीनं बारामतीला गेले. अनिताला कळवलं नाही. नंबर लावून मल्हारलाच विचारलं कुठं असता, आवाज गोड ठेवला. एमआयडीसीच्या मागच्या बाजूला गाड्या धुवायच्या सेंटरला लागून पत्र्याचं गोदाम आहे, तिथं ते वाजवतात. दार बंद होतं पण रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

मी आत गेले तेव्हा ते थांबले नाहीत, मी दिसलेच नसेन. ड्रमवाला असा बडवत होता की पत्र्याला लागलेली धूळ खाली येत होती. मल्हार माइकमध्ये ओरडत होता. मला एकच ओळ कळली, "दिवसा का न्हाय? दिवसा का न्हाय?" नंतर राजलक्ष्मीनं सांगितलं की ते गाणं शेतीला रात्री येणाऱ्या लाइटीचं आहे, अंधारात पाणी धरायला जाताना मल्हारच्या चुलत्याला विंचू चावला होता. ते खोटं नसावं. तेवढ्यापुरतं.

मग राजलक्ष्मी वाजवायला लागली. डोळे मिटून, गळ्याच्या शिरा फुगवून. किंचाळी होती, खरवडणं होतं. मला एकदम त्या सकाळचं पीठ हाताला लागल्यासारखं वाटलं. पण मी त्यासाठी गेले नव्हते.

मी पुढं होऊन कार्ड मागितलं.

मल्हारला कळेना. मी सरळ म्हटलं, बागेतनं कार्ड चोरलंत. ड्रमवाला उठून उभा राहिला. राजलक्ष्मी पुढं आली. तिनं आपली सॅक्सोफोनची पेटी माझ्यासमोर उघडली, आतलं सगळं काढून फरशीवर मांडलं, फडकी, पट्टा, बारीक डब्या, अगदी अस्तराखाली हात घालून दाखवला. मग आपली पर्सही उपडी केली. त्यात कार्ड नव्हतं. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण मल्हार खाली बघत होता, ते माझ्या नजरेतनं सुटलं नाही.

"कार्ड न्हाय घेतलं काकी," तो म्हणाला. "पण रस्त्यावरनं मोबाइलवर धरलंय. तुमी न्हाय म्हणायच्या आधीच. तुमी न्हाय म्हणल्यावर पण पुसलं न्हाय."

म्हणजे चोरी केलीच होती.

त्यानं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. म्हणाला, हे बघा, इथं हाय. तुमी म्हणाल तर आत्ता तुमच्यासमोर पुसतो. आणि बटणावर बोट ठेवून थांबला.

कार्ड गेलं असेल तर ह्यांचं आता फक्त एवढंच उरलं होतं, या पोराच्या बोटाखाली.

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "कार्ड सापडंपर्यंत. त्याला हात लावायचा न्हाय, कुणाला द्यायचं न्हाय."

राजलक्ष्मीनं एसटी स्टँडपर्यंत सोडलं. चांगली पोरगी असेल. चांगल्या पोरीही चुकीच्या माणसांबरोबर असतात.

१४ डिसेंबर

भावजी सकाळी दारात आले. हे गेल्यापासून ते आमच्या दारात असे आपणहून आले नव्हते. टोपी काढून हातात धरली होती. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

म्हणाले, "वहिनी, पोलिसात जाऊ नका. कार्ड मी काढलं."

मला वाटलं परत द्यायला आलेत. हात पुढं केला.

"कालव्यात टाकलं."

मी काय बोलले ते आठवत नाही. बरंच बोलले असणार, कारण शेजारची सून कुंपणापर्यंत आली होती. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बँडात वाजवतो म्हणून मी त्याच्याशी सात वर्सं बोललो न्हवतो. तो गेल्यावर दोन वर्सं रोज सकाळी त्याचंच ऐकतोय. तुमी हाक मारताय, तो 'आलो' म्हणतोय. रोज. आन येत न्हाय. तुमाला त्यानं बरं वाटत आसंल. मला पाण्याला यायचं हुईना झालंय सकाळचं."

काढलं तेव्हा ठेवून घ्यायचं त्यांच्या मनात होतं. खिशात घालून निघाले. कालव्याच्या पुलावर आल्यावर टाकून दिलं. का टाकलं ते त्यांनाही सांगता येईना.

जाताना म्हणाले, फळाला फोम घाला, राघू त्या आवाजाला कवाच भीत न्हवते. मी दार लावून घेतलं.

म्हणजे संध्याकाळचं पाणी त्यासाठी होतं. बांध कोरायचा बेत नव्हता. किंवा तोही असेल, सांगता येत नाही.

माझी हाक कर्ण्यातनं त्यांच्या बागेपर्यंत जाते, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

१५ डिसेंबर

कालव्याच्या पुलावर जाऊन उभी राहिले. पाणी चालू होतं. एवढंसं कार्ड, नखाएवढं. परत आले.

१७ डिसेंबर

मल्हारला बोलावून घेतलं. अट घातली की तिघांचे मोबाइल भाजीच्या पाटीत, पाटी माझ्या मांडीवर. ड्रमवाला आलाच नाही, त्याला माझी भीती बसली म्हणे. बाकी दोघांनी मुकाट मोबाइल टाकले.

मी म्हटलं, तुमी काय केलंय ते ऐकवा. सोप्यात बसून लॅपटॉपवर ऐकलं. आधी ड्रम, मग मल्हारचं ओरडणं, आणि त्याच्या मागनं ह्यांचा सॅक्सोफोन. माझी नजर भिंतीवर होती. रस्त्यावरनं धरल्यामुळं मध्येच उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणंही आलं होतं, ते त्यांनी तसंच ठेवलं होतं. हे वाजवत असताना एक ट्रॅक्टर जातो, दुसरा येतो, आणि हे त्याच्यावर आवाज चढवून वाजवतात. मला पसंत पडलं असं म्हणणार नाही. कानाला त्रास होतो. पण चेष्टा कुठंही नव्हती. मी दोनदा ऐकून शोधली.

शेवटी मात्र काहीतरी चुकलं. हे भरात असताना एकदम एक आखूड सूर येतो आणि सगळं बंद. माझी हाक नव्हती.

मल्हार म्हणाला, "तुमचा आवाज काढला काकी. तुमाला राग आला असता."

राजलक्ष्मी म्हणाली, तिला तो शेवटचा सूर कळतच नव्हता. इतकं सगळं करून माणूस असा मध्येच का थांबतो? तिनं त्यावर पुष्कळ विचार केला होता. तिला वाटलं होतं की ते दमले असतील, किंवा त्यात मरणाचं काही असेल.

"भाकरी झाली हुती," मी म्हटलं.

मग मी सांगितलं. 'आलो' म्हणायला त्यांना तोंडातनं सॅक्सोफोन काढायचा कंटाळा यायचा, म्हणून ते असं सुरातच म्हणायचे. मी रागावले असले तर वेगळा सूर, आमटीचा वास आला असला तर वेगळा. हा भाकरीचा होता.

राजलक्ष्मीनं पेटी आणली होती. तिनं तो सूर वाजवून बघितला. मी म्हटलं, "हे 'काय गं' झालं." पुन्हा वाजवला. "हे 'येतो की' झालं. नवीन नवऱ्याचं." मल्हार इतका हसला की मलाही हसू आलं, ते मी पदराआड केलं. ती बागेत गेली आणि तिथून वाजवत राहिली. आधी तोच सूर, मग तिचं तिलाच काय वाटलं कोण जाणे, सुटलीच. एकदाही तेच ते नाही. किंचाळी, खरवड, हंबरडा. पेरूच्या ओळींतनं थवा उठला आणि शेजारच्या बागेकडं न जाता थेट ओढ्यापलीकडं गेला. इतके राघू माझ्या बागेत होते, हे मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग ती थांबली आणि तो आखूड सूर काढला. या वेळी जवळपास बरोबर.

बांधापलीकडं भावजी होते. सकाळची वेळ, तरी होते. कुदळ टेकून उभे राहिले होते. सूर आल्यावर खाली बसले.

मी पाटी घेऊन आत आले आणि मोबाइल परत दिले. मल्हारला म्हटलं, "माझी हाक घाला परत. ती न्हाय घातली तर ते का थांबले ते कुणाला कळायचं? मेलं म्हणतील. त्या दिवशी मेले न्हवते ते. जेवायला आले हुते."

त्यानं लिहून घेतलं. कागदावर लिहिलेलं मी वाचून बघितलं. मग म्हटलं, अल्बमवर ह्यांचं नाव घालायचं ते रावजी, निरवांगी, एवढंच. बँडात होते, तेही लिहायचं.

तो म्हणाला, तुमच्याकडं ठेवायला कॉपी देतो. मी म्हटलं, दे. दोन दे. एक बांधापलीकडं लागंल.

ही पोरं फसवणार नाहीत असं मी अजून म्हणत नाही. अल्बम आल्यावर ऐकेन, शेवटपर्यंत. हाक नसली तर कळंब लांब नाही.

१८ डिसेंबर

आज कळंबवरून फोम आणि पिशव्या आणल्या, आणि भावजींच्या बांधाकडच्या ओळीपासून मागाहून धरलेल्या लहान फळांना घालायला सुरुवात केली.